दोन शेपटांची वायर

३ नोव्हेंबर २००८, सोमवार

आज मोठ्या कामाला हात घातला, म्हणून आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं सुरुवातीला काय करत होती हे नंतर त्यांना स्वतःलाच आठवत नाही. माझं तसं व्हायला नको.

बापूजींनी माझी सुमो कंपनीला लावली. बापूजी म्हणजे आमच्या वडशातल्या नाटक कंपनीचे मालक. मंडईचे, दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले, म्हणजे आता होळीपर्यंत रोज एका गावात नाटक. कलाकार दुपारी वडशाहून निघणार, रात्री तोंडाला रंग, सकाळी परत. ते सगळं आता माझ्या गाडीतून. पण सध्या पंधरा दिवस ट्रायल. बापूजींनी मिशीवरून हात फिरवत साफ सांगितलं, की कलाकार खूश राहिले तर पुरा सीझन तुमचा, 'नाई तं मंगरू हायेच.'

मंगरू म्हणजे ट्रॅक्सवाला. वादक, पेटी, पडदे आणि हीरो त्याच्या गाडीत जातात. त्याच्या टेपमध्ये एकच कॅसेट आहे आणि तिची एकच बाजू वाजते. अशा माणसाशी माझी तुलना होते, हेच दुःख.

सीझन मिळालाच पाहिजे. दिवाळीच्या आधी मी साळ्याची, निकेशची, राइस मिल सोडली. गपचूप नाही, हमालांसमोर चार शब्द सुनावून सोडली. परतीचे दोर कापले. गोकुळा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, 'दोर कापाच्या आधी खाली किती खोल हाये ते तं पाहाचं जी.' निकेश तिचाच भाऊ, तिला लागणारच.

सुमोत नवा स्टिरिओ बसवला. यूएसबीवाला. बसवायला आलेल्या माणसाला मीच सूचना दिल्या. आयटीआयला वायरमनचं एक वर्ष केलंय, दुसऱ्याची गरज वाटली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं नाटक. निघालो, पोहोचलो, आलो. ड्रायव्हिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते चांगलंच असतं.

गाडीत चौघं. रीताबाई, कंपनीची हिरॉइन, नागपूरची. देवाजीभाऊ, तीस वर्षं खलनायक. आणि दोघी साइड हिरॉइन, ज्या बसल्या बसल्या झोपतात.

पुढच्या सीटवर रीताबाई. त्यांच्या चायना मोबाइलमध्ये पेटीमास्तरांनी नव्या नाटकाची गाणी भरून दिलीत. कंपनी रोज नाटक बदलते, पाठांतर काय ते गाडीत. दुसरं, त्यांची पोरगी दिव्यानी नागपूरला आजीजवळ राहते आणि संध्याकाळी आईशी बोलल्याशिवाय घास घेत नाही. रीताबाईंनी सीटवर बसायच्या आधीच सांगितलं, 'भाऊ, मले दोनच गोष्टी पायजेत. गाणे ऐकू आले पायजेत अन् फोन चालू राह्यला पायजे. दिवसभर लाइन नाई राहत तुमच्या वडशात, चार्ज करू कुठी?'

मी म्हटलं, बाई, तुम्ही आज बरोबर गाडीत बसलात.

अडचण एवढीच, की त्या मोबाइलला तोंड एकच. त्यातूनच खाणार, त्यातूनच गाणार. स्टिरिओला लावला तर गाणी वाजतात आणि बॅटरी उतरते. सिगारेटच्या भोकातल्या चार्जरला लावला तर बॅटरी चढते आणि गाणी बंद. मी गाडी चालवता चालवता काढ-घाल करत राहिलो. शेवटी अर्धं गाणं पाठ, आणि गाव येईपर्यंत मोबाइल मेला. रीताबाई पोरीशी नाटक बोलावणाऱ्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षाच्या फोनवरून बोलल्या. मला काही बोलल्या नाहीत. विश्वास बसला की माणूस बोलत नाही.

संकल्प: चार्जिंग आणि गाणी एकाच वेळी. दोन दिवसांत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चंद्रपूरला जाऊन आलो. बाजारात एका दुकानात हवी तीच वस्तू दिसली. एका टोकाला मोबाइलची पिन, दुसऱ्या टोकाला दोन शेपटं. एक शेपूट स्टिरिओत, ते गाणी आणणार. दुसरं चार्जरमध्ये, ते करंट आणणार. म्हणजे हे मला सुचलं त्याच्या आधी कोणा जपानी माणसालाही सुचलं होतं. बरं वाटलं.

दुकानदाराने विचारलं, मोबाइल आणलाय का सोबत. आणला नव्हता. रीताबाई झोपल्या होत्या, आणि झोपलेल्या बाईचा मोबाइल मागणं आपल्याला जमत नाही. त्याला सांगितलं, माझी नजरच मोजपट्टी आहे. तो म्हणाला वापस होणार नाई. मी म्हटलं, वापस घेऊन येणार कोण?

संध्याकाळी. पिन जाड निघाली. थोडीच. कानशीने घासून बसवता येईल.

८ नोव्हेंबर, शनिवार

येत नाही.

चुकी दुकानदाराची. गिऱ्हाईक आत्मविश्वासाने बोलत असेल तर त्याला अडवायला नको का?

आज गाडीत पुन्हा काढ-घाल. नाल्याच्या वळणावर पिन शोधताना चाक खाली उतरलं. काही झालं नाही, फक्त साइड हिरॉइन जाग्या झाल्या. देवाजीभाऊंनी मागून विचारलं, 'सुरेंद्रभाऊ, गाडी चालवून राह्यले का सुईत धागा घालून राह्यले?' रोज रात्री दुसऱ्याच्या जमिनी हडप करतो हा माणूस, याला सरळ बोलणं कसं येणार?

१० नोव्हेंबर, सोमवार

भद्रावतीत मिळाली! तिथल्या एका कॉलनीच्या गेटसमोरच्या दुकानात. या वेळी रीताबाईंचा मोबाइल सोबत होता. (त्यांनी देताना तीनदा विचारलं, कधी परत आणता. कलाकार म्हणजे हळवेच.) पिन आत गेली, टक्क आवाज झाला. इतका सुंदर आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

मंगरूला वायर दाखवली. तो बिडी ओढत म्हणाला, 'दोन शेपटं काऊन?' मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, 'मी तं बाप्पा कॅसेट पलटवतो.' पलटवत नाही, मला माहीत आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वायर चालते. एक किरकोळ गोष्ट आहे. गाण्याच्या मागे कूंऽऽ असा आवाज येतो. गाडी पळाली की तो चढतो, हळू झाली की उतरतो. चौथ्या गिअरला सनईच्या वर जातो. रीताबाई त्याच पट्टीत गाणं शिकल्या आणि रात्री स्टेजवर दोन पट्ट्या वर लावलं. पेटीमास्तरांनी सकाळी येऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मोबाइलची बॅटरी मात्र वडशाहून निघताना दोन काड्या होती, पोहोचलो तेव्हाही दोन काड्या. म्हणजे उतरली नाही. ही प्रगती कोणालाच दिसत नाही. गोकुळाला सांगितली तर म्हणते, 'बैल आज मेला नाई म्हणून पेढे वाटता का?'

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस लिहिण्यासारखा नाही. तरी लिहितो, उद्या कोणी उलटंसुलटं सांगायला नको.

बॅटरी चढावी म्हणून चार्जर बदलून मोठा लावला. मूल गावापासून पुढे गेलो आणि फट्. स्टिरिओ बंद, चार्जर बंद. फ्यूज गेला. त्याच फ्यूजवर हॉर्न होता हे सुमो बनवणाऱ्या कंपनीने गाडीवर कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे हॉर्नही बंद.

ऐन गायी घराकडे परतायची वेळ. रस्त्यावर धानाच्या गाड्या, धानाच्या गाड्यांमागे गायी, गायींमागे म्हशी. मी खिडकीतून ओरडलो. म्हशींनी कान हलवले, तेवढंच. वेळ जात होता, मंगरूची ट्रॅक्स पों पों करत बाजूने निघून गेली. शेवटी देवाजीभाऊ कमरेपर्यंत खिडकीबाहेर निघाले आणि त्यांनी ते तिसऱ्या अंकातलं हसणं काढलं. हाऽ हाऽ हाऽ. सगळा कळप दोन बाजूंना फाकला. एक बाई डोक्यावरचा भारा टाकून बांधाआड गेली.

मग पुढचं प्रत्येक गाव आम्ही असंच ओलांडलं. देवाजीभाऊंचा घसा बसला. रात्री त्यांनी खलनायक कुजबुजत केला. बापूजी म्हणाले, पब्लिकले वाटलं खलनायक आजारी हाये, लोकांना त्याची कीव आली, नाटकाचा पाया गेला.

आणि मला म्हणाले, 'सुरेंद्रभाऊ, सहा दिस राह्यले.'

लागलं मनाला. इतका जीव ओतणाऱ्या माणसाला असं दिवस मोजून दाखवायचे नसतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नवा नियम: फ्यूज नको. फ्यूज ही भित्र्या लोकांनी काढलेली गोष्ट. सरळ गाडीच्या बॅटरीपासून स्टिरिओला आणि चार्जरला जाड वायर ओढली, मधे बटण नाही, किल्ली नाही, काही नाही. डायरेक्ट. आयटीआयचे आमचे सर म्हणायचे असं कधीच करू नका. त्यांची पगाराची नोकरी होती, त्यांना परवडत होतं.

आधी माझ्या स्वतःच्या मोबाइलवर चाचणी घेतली. तो चाचणीत कामी आला. थोडा धूर, मग वास. पण त्यावरून कळलं की करंट भरपूर येतोय. चार्जर पुन्हा लहान लावला, आता बरोबर.

गोकुळा विचारते, आता तुमाले फोन कराचा असला तं करू कुठी? सांगितलं, रीताबाईंच्या फोनवर कर. यावर ती बराच वेळ भांडी आपटत होती. कशावर काय अर्थ काढतील सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जमलं!! जमलं!!

कूं आवाज गेला. गाणी स्वच्छ. बॅटरी दोन काड्यांवरून चार. इतके दिवस गोम कुठे होती ते सांगतो. वायर लावली की मोबाइल पडद्यावर विचारतो, तुम्हाला काय पाहिजे. तीन पर्याय इंग्रजीत. मी आजवर पहिला दाबत होतो, कधी दुसरा. आज तिसरा दाबला, मास स्टोरेज. दाबताच पडद्यावर कॉम्प्युटरचं चित्र आलं आणि बाकी सगळी बटणं निवांत झाली. साध्या मोबाइलचा माझ्या हातात कॉम्प्युटर झाला.

रीताबाईंनी सगळी गाणी दोनदा ऐकली, गुणगुणल्या. उतरताना म्हणाल्या, 'आज बरं वाटलं भाऊ.' देवाजीभाऊंचा घसाही सुटलाय, पण आज काही बोलले नाहीत. बोलणार काय, हातच्या काकणाला आरसा कशाला.

उद्या बापूजी स्वतः पुढे जाणार आहेत, गोंडपिपरीकडे जांभूळटोल्याला मोठी मंडई आहे, चार-पाच हजार पब्लिक. उद्याचं नाटक पाहून सीझनचं ठरवतो म्हणाले. ठरल्यातच जमा आहे. निकेशच्या मिलवरून मुद्दाम दोनदा गाडी नेली, आवाज मोठा करून.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी

निघतोय. गाडी धुतली, आरशाला झेंडूची माळ. रीताबाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी वायर लावली, तिसरा पर्याय दाबला, कॉम्प्युटर आला. गोकुळाला म्हटलं, आजची तारीख लक्षात ठेव. तिने डबा दिला आणि म्हणाली, 'सावकाश जा जी.' डोळ्यांत अभिमान होता असं वाटलं. चुलीचा धूरही असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की माझी चूक कुठेच नाही हे आपोआप दिसेल.

रस्ताभर गाणी. मोबाइल एकदाही वाजला नाही. मला वाटलं किती शांतता आहे, कलाकाराला हेच हवं असतं. दिवस मावळताना रीताबाई म्हणाल्या, 'भाऊ, काढा आता. दिव्यानीले फोन कराचा हाये.' मी म्हटलं चार काड्या होऊ द्या, मधेच काढली तर सिस्टिम बिघडते. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, हे एक गाणं. त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. मग दुसरं गाणं लागलं.

खैरीटोल्याच्या फाट्यावर मंगरूची ट्रॅक्स उभी होती, तोंड खैरीटोल्याकडे. मंगरू रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता. हॉर्न दाबून हीरोही ओरडत होता. मला वाटलं, यांची गाडी बंद पडली आणि आता माझ्या गाडीत पेटी, पडदे, सगळं कोंबणार. किंवा जळतायत. आवाज वाढवला आणि बाजूने काढली. मागे देवाजीभाऊ म्हणाले, 'अजी, थांबा ना, का म्हणते ते तं पाहा.' गाण्यात मला अर्धंच ऐकू आलं. खैरीटोल्याकडून भोंग्याचा आवाज येत होता, मोठा मांडव, लाइटा. मी म्हटलं सुद्धा, कुठल्या तरी फालतू कंपनीचं दिसतंय.

तिथून पुढे जांभूळटोला दूर. पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मंडईचं गाव, पण ना पाळणा, ना भोंगा, ना जिलेबीचं दुकान. मला वाटलं लोडशेडिंग. गावाच्या मध्यावर चौकात पन्नास-साठ माणसं खाली बसलेली, कोणी बोलत नाही. मला वाटलं, पब्लिक आतापासून जागा धरून बसलंय. मी गाडी थेट त्यांच्यात नेली. स्टिरिओवर रीताबाईंची नवी लावणी, 'सजणा, दार उघडंच ठेवलंय', पूर्ण आवाजात.

दुपारी इथल्या मंडळाच्या अध्यक्षांचे वडील वारले होते. माणसं त्यांना पोहोचवून येऊन बसली होती.

देवाजीभाऊंनी मागून हात घालून स्टिरिओचं बटण दाबलं. बंद होईना. मी किल्ली काढली. बंद होईना. डायरेक्ट होतं ना. लावणीचं दुसरं कडवं सुरू झालं. रीताबाईंनी पदर तोंडावर घेतला. शेवटी मी ती वायर मुळासकट ओढली तेव्हा शांत झालं. एक म्हातारा उठून खिडकीशी आला. रागावला नाही. म्हणाला, 'नाटक इथी नाई बाबू. खैरीटोल्याले नेलं तुमच्या मालकानं. तुमाले कोनी सांगतलं नाई का?' त्यापेक्षा त्याने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

वायर निघाल्यावर मोबाइल पुन्हा मोबाइल झाला. मग वाजला तो वाजतच राहिला.

झालं होतं असं. बापूजींनी दुपारीच नाटकाचं गाव बदललं. मांडव, भोंगे, सगळं ट्रॅक्टरवर टाकून खैरीटोल्याला नेलं, गाडी फिरवून आजूबाजूच्या गावांत सांगितलं. तारीख कोणी रिकामी जाऊ देत नाही. मंगरूच्या गाडीतल्यांना फोनवर निरोप पोहोचला, आणि तेव्हापासून ते रीताबाईंना फोन लावत होते. माझा मोबाइल चाचणीत गेलेला, देवाजीभाऊंकडे नाही, झोपणाऱ्यांकडे नाही. एकच फोन, तो माझ्या वायरला.

परत आलो तोवर खैरीटोल्यात दुसरा अंक चालू होता. हिरॉइन स्टेजवर होती. मी विंगेतून पाहिलं. हिरवी नऊवारी, हातभर बांगड्या, दंड जरा मोठे. हीरो तिच्याकडे न बघता तिच्याशी प्रेमाचं बोलत होता. हिरॉइन वळली आणि मला दिसली.

बापूजी. बिनमिशीचे.

तरुणपणी ते बायकांची कामं करायचे म्हणे, तेव्हा बाया कुठे मिळत होत्या नाटकात. सगळे संवाद पाठ. पब्लिक पैसे देऊन बसलं होतं, मांडव मोडायच्या बेतात होतं, म्हणून न्हाव्याला उठवून त्यांनी वीस वर्षांची मिशी काढली आणि उभे राहिले. पब्लिकने शिट्ट्या मारल्या म्हणतात. अंक संपला, रीताबाई रंग लावून तिसऱ्या अंकात शिरल्या. हिरॉइन मधेच इतकी बारीक कशी झाली हे कोणी विचारलं नाही, प्रेमात माणूस झुरतोच. नाटक पडलं नाही, हा मुद्दा महत्त्वाचा. तो मी उद्या बापूजींसमोर मांडणार आहे.

रीताबाईंनी विंगेत पोरीला फोन लावला होता. आजीने सांगितलं, रडून रडून उपाशीच झोपली. रीताबाई माझ्याजवळून गेल्या तेव्हा मी वायरीबद्दल काही सांगायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, 'मी काढा म्हटलं होतं ना भाऊ.' बस्, एवढंच.

परतताना गाडीत कोणी झोपलं नाही. साइड हिरॉइनसुद्धा जाग्या होत्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बापूजींकडे गेलो. कागदावर वायरीची आकृती काढून नेली होती, लाल आणि निळ्या पेनाने. ते खाटेवर बसले होते. वरच्या ओठावर सारखा हात जात होता आणि तिथे काही नाही म्हणून परत येत होता. बापूजींची बायको मला पाणी देताना त्यांच्याकडे पाहत नव्हती. हसू दाबत होती की रडू, कळलं नाही.

मी समजावून सांगितलं. चूक वायरीची नाही, माझीही नाही, त्या तिसऱ्या पर्यायाची आहे. बापूजींनी शांतपणे ऐकलं. मग रीताबाईंचा मोबाइल मागवला, गाडीपाशी आले, म्हणाले लावा. तुटलेली वायर मी सकाळीच जोडून ठेवली होती, लावला. तिसरा पर्याय, कॉम्प्युटरचं चित्र, गाणी सुरू. छान वाजत होती. त्यांनी खिशातून आपला मोबाइल काढून नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. एक बाई मराठीत म्हणाली की हा मोबाइल बंद आहे. मग हिंदीत म्हणाली. मग इंग्रजीत.

'फोन गाणे आयकालेच राहते का बे?' बापूजी म्हणाले.

बे म्हणाले. आजवर भाऊ म्हणत होते.

तरी अजून नाही म्हणाले नाहीत. म्हणजे आशा आहे. घरी येऊन गोकुळाला सांगितलं, माणूस जाणता आहे, दोन दिवसांत राग उतरेल. मिशीही येईल. तिने विचारलं, का झालं ते सारं सांगा. सगळं सांगितलं. आकृतीही दाखवली. तिने आकृती पाहिली नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि एकटीच बाहेर गेली.

संध्याकाळी. अजून आली नाही. निकेशकडे गेली असावी. तिथे जाऊन काय होणार?

१९ नोव्हेंबर, बुधवार

निकेशकडे नव्हती गेली. बापूजींकडे गेली होती.

आधी मला वाईट वाटलं की बायकोला माझ्यासाठी हात जोडावे लागले. मग बरं वाटलं, कारण सुमो सीझनभरासाठी लागली. पुरा सीझन! मी उठून नवा शर्ट काढला. म्हटलं निघायचं किती वाजता?

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'गाडी लागली. तुमी नाई.'

मंगरू चालवणार. त्याच्या ट्रॅक्सवर त्याचा भाऊ बसणार. बापूजी म्हणाले म्हणे, 'गाडी चांगली हाये बाई, सीटा मऊ हायेत. पण भाऊले घरीच ठेवजा.' आणि ही हो म्हणून आली. मला न विचारता! मी ओरडलो. गाडी माझी, वायरिंग माझं, डोकं माझं. ती म्हणाली, 'विचारलं असतं तं तुमी समजावून सांगतलं असतं जी.' आणि मग सूप खाली ठेवून रडायला लागली. मिल सोडली तेव्हासुद्धा रडली नव्हती.

आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. ती माझ्यासमोर अशी रडत असताना काय करायचं असतं, ते मला येत नाही. मी शर्ट पुन्हा घडी करून ठेवला.

दुपारी मंगरू किल्ली घ्यायला आला. बिडी बाहेरच विझवून आला. मी किल्ली दिली. त्याने विचारलं, 'स्टिरिओ राहू देऊ का काढू?' मी म्हटलं, काढ.

२४ नोव्हेंबर, सोमवार

निकेशच्या मिलमध्ये चौथा दिवस. त्याने काही टोमणा मारला नाही. मारला असता तर उत्तर तयार होतं. हमाल पण नीट बोलतात. कोंड्याने खोकला येतो.

आज दुपारी सुमो मिलसमोर थांबली. रेल्वेचं फाटक पडलं होतं, पुढे ट्रकांची रांग. मी दारातच उभा होतो. मंगरूने हात केला. देवाजीभाऊंनी मागून रामराम घातला. रीताबाई पुढच्या सीटवर फोन कानाला लावून पोरीशी बोलत होत्या, काय जेवली, शाळेत काय झालं, पुन्हा पुन्हा तेच. मधेच हसल्या. मला पाहिलं आणि हसू तसंच ठेवून मान हलवली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर.

मी अंगावरचा कोंडा झटकून गाडीपाशी गेलो. म्हटलं, गाडी बरी चालते ना? मंगरू म्हणाला, हो, मस्त. मागचं चाक थोडं पाहून घे म्हटलं. तो म्हणाला, पाहिलं. फाटक उघडेपर्यंत मी खिडकीला धरून तिथेच उभा होतो. कोणी काही विचारलं असतं तर सांगायला थांबलो होतो. नाही विचारलं. आणि विचारलं असतं तर काय सांगायचं, तेही सुचत नव्हतं.

फाटक उघडलं. मी हात काढला.